विमलबाईंचं फोडकाम

येरवड्याला माझं झेरॉक्सचं दुकान होतं, तेव्हा माझ्या डाव्या हाताला रेडिएटर जोडले जायचे आणि उजव्या हाताला फोडले जायचे. डावीकडे पेंडसे, उजवीकडे विमलबाई इंगोले आणि मधे मी. तिघांच्या डोक्यावर एकच लांबलचक पत्रा होता आणि उन्हाळ्यात तो तिघांनाही सारखाच भाजून काढायचा.

पुण्यात तेव्हा ज्याला त्याला बायोडाटा हवा असे. पोरं कॉम्प्युटरचा कोर्स करून यायची, माझ्याकडून एक पान टाइप करून घ्यायची आणि गठ्ठाभर प्रती घेऊन जायची. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जमिनींवर काचेच्या इमारतींची चित्रं असलेले बोर्ड लागत होते. रस्त्यावर रोज नव्या तऱ्हेची मोटार दिसे. आणि नव्या आल्या की जुन्या भंगारात निघणारच. त्या जुन्या गाड्यांचे रेडिएटर विमलबाईंच्या पुढ्यात येऊन पडायचे.

रेडिएटर म्हणजे गाडीच्या नाकाशी बसवलेली जाळी. इंजिनातलं उकळतं पाणी तिच्या नळ्यांतून फिरतं आणि वाऱ्याने निवतं. जुन्या गाड्यांत ही जाळी तांब्या-पितळेची असायची, म्हणून गाडी मेली तरी जाळीला मरण नव्हतं. विमलबाई आधी ती ब्रशने झाडायच्या, पाइपाच्या पाण्याने धुवायच्या, मग बाजूच्या लोखंडी पट्ट्या छिन्नीने उचकटायच्या. वर-खालची पितळी टाकी वेगळी, मधली जाळी वेगळी. विळीवर बसावं तसा एक पाय दुमडून त्या बसत आणि दुसऱ्या पायाखाली रेडिएटर दाबून धरत. शेवटी साफ केलेल्या मालावरून एक चुंबक फिरवत. लोखंडाचा एखादा कण राहिला असेल तर तो चुंबकाला चिकटे. हे त्या इतक्या मनोभावे करत की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई जाळीची दृष्ट काढतायत.

त्या वर्ध्याकडच्या. नवरा आजारपणात गेला, तेव्हा मुलगा प्रवीण शाळेत होता. मावसभावाचा येरवड्याला भंगारचा धंदा होता, त्याने बोलावलं म्हणून त्या पुण्याला आल्या. भावाने पत्र्याच्या शेडचा एक कोपरा दिला आणि रेडिएटरचं काम दिलं. हे काम कोणी करायला मागत नसे, कारण त्यात हात कापतात आणि नाकातोंडात धूळ जाते. विमलबाईंना ते काम पहिल्या आठवड्यातच आवडलं. का आवडलं, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, निंदणात दिवसभर खाली वाकून तण काढलं तरी संध्याकाळी शेत तसंच दिसायचं. इथं सकाळी काळा ढीग असतो आणि संध्याकाळी तांब्याचा लाल, पितळेचा पिवळा, लोखंडाचा करडा असे तीन ढीग होतात.

त्यांच्या बोलण्यात प्रत्येक रेडिएटर बाईमाणूस असे. "ये माय, लय धावली तू," असं म्हणूनच त्या पहिला घाव घालत. जाळीच्या बारीक पात्यांमध्ये काय काय अडकलेलं असतं ते त्या आधी बघत. टोळ, फुलपाखरांचे पंख, उसाचं पाचट, एखादं पीस. त्यावरून गाडी कुठल्या वाटेने फिरली असेल याचा त्या अंदाज बांधत आणि मला ऐकवत. मला त्या झेरॉक्सभाऊ म्हणायच्या. माझं खरं नाव त्यांना अजून तरी ठाऊक आहे की नाही, कोण जाणे.

एकदा एका ट्रकच्या रेडिएटरमध्ये कापूस निघाला. चांगला मूठभर, धुळीने पिवळा पडलेला. विमलबाई काम थांबवून तो हातात घेऊन बसल्या. मला वाटलं, गाव आठवलं, आता रडतात. मी उठून गेलो तर त्या हसत होत्या. आमच्या गावचा कापूस फुकटात पुण्याला आला, भाडंसुद्धा दिलं नाही, असं म्हणाल्या आणि लगेच पेंडशांना दाखवायला निघाल्या.

इथे पेंडशांबद्दल सांगायला हवं. हे गृहस्थ सदाशिव पेठेतले. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. घरातले सगळे बँकेत नाहीतर कॉलेजात, आणि यांनी तरुणपणी एका गॅरेजमध्ये शिरून रेडिएटर दुरुस्तीचं काम शिकून घेतलं. गळकी जाळी पाण्याच्या हौदात बुडवायची, पंपाने हवा भरायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची आणि कथलाचा डाग द्यायचा. खांद्यावर स्वच्छ पंचा, बोलणं कमी आणि जे काही बोलतील ते तिरकं. गिऱ्हाइकाने विचारलं, "लवकर होईल का?" तर म्हणत, "होईल. मग लवकर परत गळेल."

तर विमलबाईंनी कापूस दाखवला. पेंडशांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "नगरकडचाही असू शकतो."

"आमचा कापूस मी वळखत नाई का जी?"

"कापसावर नाव लिहिलेलं नसतं, बाई."

विमलबाईंनी त्यातला एक पुंजका अत्तराच्या फायासारखा कानात खोचला आणि दिवसभर तसाच ठेवला. पेंडशांच्या दुकानासमोरून त्या दिवशी त्या उगाचच जास्त वेळा गेल्या.

त्यांचं भांडण मात्र खरं होतं. कारण साधं. पेंडशांनी जो रेडिएटर वाचवला तो विमलबाईंचा गेला, आणि विमलबाईंनी जो फोडला तो पेंडशांच्या मते अजून पाच वर्षं चालला असता. ट्रकवाला रेडिएटर घेऊन दोन दुकानांच्या मधोमध, म्हणजे माझ्या दारात, उभा राही आणि दोघं दोन्हीकडून येत. पेंडसे बोटाने वाजवून बघत आणि म्हणत, जीव आहे. विमलबाई उचलून वजनाचा अंदाज घेत आणि म्हणत, हिला आता सुटू द्या. मधे बिचारा ट्रकवाला, आपण आजारी माणूस घेऊन आल्यासारखा. गंमत अशी, की पेंडसे हरले तर विमलबाई तो रेडिएटर लगेच फोडत नसत. दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्यायच्या डोळ्यासमोर नाई फोडवत."

त्यांचा आणखी एक छंद होता. साफ केलेल्या तांब्याच्या नळ्या त्या चिंच-मीठ लावून घासत. भाऊ ओरडे, की तांबं वितळवायलाच जाणार आहे, घासून काय देवघरात ठेवायचंय? विमलबाई म्हणत, उद्या जाईल, आज तर माझ्यासमोर आहे. संध्याकाळचं ऊन तिरपं आत आलं, की त्या ढिगाकडे रस्त्याने जाणारी माणसं सायकल हळू करून बघत. एकदा पेंडसेही बघत उभे राहिलेले मी पाहिले. माझी नजर पडताच म्हणाले, "चिंच वाया घालवतायत," आणि आत गेले.

प्रवीण तोवर मोठा झाला. डिप्लोमा, मग डिग्री, मग कॉम्प्युटर. तो बायोडाटा टाइप करून घ्यायला आला, तेव्हा आईचा व्यवसाय काय लिहायचा यावर अडला. शेवटी त्याने मला हळूच सांगितलं, "काका, मेटल रिसायकलिंग लिहा." मी लिहिलं. ते पान विमलबाईंच्या हाती पडलं. त्यांनी माझ्याकडून अर्थ समजून घेतला, आणि मला वाटलं, आता पोराची खरडपट्टी निघणार. तर त्यांना ते एवढं आवडलं, की पुढचा महिनाभर चहावाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या सांगत सुटल्या, आपण भंगारवाले नाही, रिसायकलिंगवाले. पेंडशांनाही बजावलं. पेंडसे म्हणाले, "छान. आता हातोडीलाही इंग्रजी नाव द्या."

प्रवीणला हिंजवडीला नोकरी लागली. विमलबाईंनी सगळ्या रांगेला पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामाला हजर. प्रवीणने काम सोड म्हणून पाहिलं, पण त्या म्हणाल्या, तुझं ऑफिस तुला, माझं मला.

याच सुमारास पेंडशांचे दिवस फिरले. नव्या मोटारींची जाळी ॲल्युमिनियमची यायला लागली आणि तिच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. त्यांना कथलाचा डाग बसत नाही. एक तरुण असा रेडिएटर घेऊन आला. पेंडशांनी तो उलटसुलट करून पाहिला, पंच्याने पुसला आणि परत दिला. म्हणाले, "नवीनच घ्या." मग असे बरेच येऊ लागले आणि सगळ्यांना तेच उत्तर मिळू लागलं. विमलबाईंना मात्र नवी जाळीही चालत होती. कड वाकवून प्लॅस्टिकची टाकी काढली, की आतली पांढरी जाळी अख्खी हातात येई. त्यांच्याकडचा ढीग वाढत चालला आणि पेंडशांचा हौद कोरडा पडत चालला. भांडणंही बंद झाली, कारण भांडायला रेडिएटरच उरला नाही.

मग एका सोमवारी पेंडशांचं शटर उघडलं नाही. मंगळवारीही नाही. विमलबाई दर थोड्या वेळाने डावीकडे मान वळवून बघत. आठवडा तसाच गेला. शेवटी त्यांनी मला विचारलं, घर माहीत आहे का. मला माहीत होतं, माझंही बालपण त्याच पेठेत गेलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तयार होऊन आल्या. धुतलेलं लुगडं, हातात पोतं. पोत्यात काय आहे ते सांगेनात. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, तर म्हणाल्या, पाहुण्याकडे न्यायचं सामान आहे.

पेंडशांनी दार उघडलं ते बनियनवर. विमलबाईंना बघून आधी आत जाऊन सदरा घालून आले. खोली लख्ख होती आणि तितकीच उदास. विमलबाईंनी बसायच्या आधीच पोतं उलटं केलं. आत एका जुन्या मोटारीचा तांब्या-पितळेचा रेडिएटर होता.

"ही गळते. नीट करून पाह्यजे."

"कोणाची आहे?" पेंडशांनी विचारलं.

"माही."

"आपण गाडी कधी घेतली?"

"गाडी नाई. जाळीच हाय."

"मग नीट करून काय करणार?"

"ते मंग पाहू. तुमी नाई म्हणत असान तं उद्या सकाळी फोडते."

एवढं बोलून त्या चहाही न घेता खाली उतरल्या. रेडिएटर तिथेच, फरशीच्या मधोमध. बसने येरवडा आल्यावर एवढंच म्हणाल्या, की माणूस वाळला आहे, खानावळीचं खातो.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेलो, तर डावीकडचं शटर वर होतं. पेंडशांनी हौद भरला होता. रिक्षाने तो रेडिएटर घेऊन आले होते. दिवसभर ते त्या जाळीशी बसले. गाळ काढला, नळ्या मोकळ्या केल्या, ब्लो-लॅम्प पेटवून बारीक बारीक डाग दिले. विमलबाई उजवीकडे हातोडी चालवत होत्या, पण त्यांचं लक्ष कुठे होतं ते मला दिसत होतं. संध्याकाळी पेंडशांनी जाळी हौदात बुडवून हवा भरली. आम्ही दोघं जाऊन उभे राहिलो. पाणी हललं नाही. एक बुडबुडा नाही.

पेंडशांनी ती बाहेर काढली, पुसली आणि विमलबाईंकडे बघितलं. "घ्या. आता दहा वर्षं गळणार नाही. हिचं काय करणार आपण?"

या जातीची गाडी आता रस्त्यावर उरली नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं. विमलबाई म्हणाल्या, "काय कराचं जी? फोडू."

मला वाटलं, झालं, हा माणूस आता शटर ओढून कायमचा जाणार. पेंडसे त्या जाळीकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. शेजारी इतकी वर्षं काढली, पण त्यांचे दात मी त्या दिवशी पाहिले. हसता हसता त्यांना खोकला आला, चष्मा काढून डोळे पुसावे लागले. विमलबाई आधी गोंधळल्या, मग त्याही हसत सुटल्या, आणि दोघांना बघून मी.

हसणं थांबल्यावर पेंडसे रेडिएटर उचलून विमलबाईंच्या शेडमध्ये गेले आणि त्यांच्या पोत्यावर बसले. म्हणाले, मी दिलेला डाग मीच काढणार, बाई, आपल्या हातोडीने त्याचे धिंडवडे निघतील. ब्लो-लॅम्पच्या ज्योतीने त्यांनी सकाळपासून केलेलं सगळं काम एकेक सांधा करत सोडवलं. टाक्या अख्ख्या निघाल्या, कुठे चेपल्या नाहीत. विमलबाईंनी चुंबक फिरवला आणि म्हणाल्या, "हात चांगला हाय तुमचा. उद्यापासून येता का?"

ते आले. डावीकडचं दुकान त्यांनी सोडलं आणि उजवीकडे दोघं बसू लागले. पेंडसे सांधे सोडवत, विमलबाई पट्ट्या उचकटत. भांडणं पुन्हा सुरू झाली, आता एकाच शेडमध्ये. दुपारी विमलबाई दोन डबे उघडत. पेंडशांना ठेचा सोसत नसे, पण ते डोळ्यांत पाणी आणून खात आणि "मीठ कमी आहे" एवढंच म्हणत.

अशी दोनेक वर्षं गेली असतील. एक दिवस पेंडसे माझ्याकडे रेशनकार्ड आणि जन्माचा दाखला घेऊन आले. दोन-दोन प्रती हव्यात म्हणाले. मी सहज विचारलं, कशाला?

"विवाह नोंदणीला लागतात."

"कोणाच्या?"

"माझ्या. आपली हरकत आहे का?"

माझी काय हरकत असणार? ते चहा घ्यायला गेले तेव्हा मी धावतच उजवीकडे गेलो आणि विमलबाईंचं अभिनंदन केलं. त्यांच्या हातातली छिन्नी तशीच राहिली. "तुमाले सांगतलं त्यायनं? मले तं अजून विचारलंच नाई."

पेंडसे परत आले तेव्हा त्या शेडच्या दारात उभ्या होत्या. कागद आधी काढले आणि बाईला विचारलं नाही, ही कुठली रीत, असं त्यांनी विचारलं. पेंडसे बराच वेळ पंच्याने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "आधी विचारलं असतं आणि आपण नाही म्हणाला असता, तर कागद काढायचा धीर झाला नसता. आता कागद तयार आहेत. नाही म्हणालात तर ठेवून देईन."

विमलबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाल्या, पोराला विचारावं लागेल.

पोराला विचारलं आणि पोरगा गप्प झाला. तो आईशी भांडला नाही, नाही म्हणाला नाही, फक्त ऑफिसला जायचा, यायचा आणि जेवून झोपायचा. विमलबाईंची हातोडी त्या दिवसांत फार जोरात चालायची. मला वाईट वाटे ते पेंडशांचं. ते रोज येत, समोर बसत आणि एक अक्षर विचारत नसत. एकदा प्रवीण माझ्याकडे आला आणि म्हणाला, काका, ऑफिसमध्ये कसं सांगू? मी काही बोलायच्या आत पत्र्यापलीकडून विमलबाईंचा आवाज आला, "मी फोडकाम करते हे तरी सांगतलं का तू हापिसात? मंग हे कायले सांगतो?" प्रवीण लाल झाला. पण जाताना मला तो जरा हसल्यासारखा वाटला.

पुढच्या रविवारी तो सकाळीच शेडमध्ये आला. पेंडसे काम करत होते. त्यांच्यासमोर एका उलट्या डब्यावर बसला. विमलबाई बाहेर माझ्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या, पाठ भिंतीला लावून, डोळे मिटून. आम्हाला आतलं सगळं ऐकू येत होतं.

प्रवीणने विचारलं, "तुम्ही सकाळी किती वाजता उठता?"

"साडेसहा," पेंडसे म्हणाले.

"आई चारला उठते. भांडी वाजवते. झोपू देत नाही."

"मला एका कानाने कमी ऐकू येतं," पेंडसे म्हणाले. "चांगला कान उशीवर ठेवीन."

डबा सरकल्याचा आवाज आला. मग प्रवीण म्हणाला, "मग ठीक आहे." आणि बाहेर येऊन आईला म्हणाला, "चांगला आहे ग माणूस. जरा तिरका आहे." विमलबाईंनी डोळे उघडले, पोराच्या गालावरून आपला काळा हात फिरवला आणि तो तसाच काळा गाल घेऊन बसस्टॉपवर गेला.

नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून मी होतो, प्रवीण होता आणि त्याच्या ऑफिसातली चार-पाच मुलं-मुली होती. प्रवीणने सांगितलं होतं तर. त्यातली एक मुलगी विमलबाईंना त्यांच्या कामाबद्दल विचारत होती आणि विमलबाई तिला भर कचेरीत पितळ आणि तांबं कसं ओळखायचं ते समजावत होत्या. साहेबांनी नाव पुकारलं तरी त्यांचं बोलणं संपेना. पेंडसे म्हणाले, "बाई, आपलं लग्न आहे. वेळ असेल तर या."

पुढे आमची रांग पाडली. तिथे आता काचेची इमारत आहे. मी पेठेत, क्लासेसच्या गल्लीत दुकान घेतलं. त्या दोघांनी वाघोलीच्या पुढे जागा बघून शेड टाकली. जाणं-येणं कमी झालं.

काही वर्षांनी एका लग्नाला त्या बाजूला गेलो होतो, म्हणून सकाळीच त्यांच्याकडे डोकावलो. शेडमध्ये कोणी नव्हतं. शेजाऱ्याने मागच्या मोकळ्या मैदानाकडे बोट दाखवलं. तिथे एक छोटी पांढरी मोटार गोल गोल फिरत होती. प्रवीणने घेतलेली. गाडीवर लाल रंगात 'एल' लिहिलेलं. चालवत होत्या विमलबाई. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, मान उंच करून. शेजारी पेंडसे, डॅशबोर्डला धरून, डोळे समोर.

मी हात केला. गाडी माझ्याजवळून गेली आणि खिडकीतून आवाज आला, "कसे हाय, झेरॉक्सभाऊ?"

मी बरा आहे म्हणेपर्यंत गाडी मैदानाच्या पलीकडे. मी तिथेच उभा राहिलो. गाडी वळून परत आली. "वहिनी बऱ्या हाय नं?" मी मान हलवली. आणखी एक फेरी. "थांबाचं अजून शिकोलं नाई यायनं!" पेंडशांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा तोच, कोरडा. जाता जाता म्हणाले, "शिकवलंय. ऐकत नाहीत."

मी मैदानाच्या कडेला एका दगडावर बसलो. धूळ उडत होती. प्रत्येक फेरीला मी एकेक उत्तर देत होतो आणि त्या पुढच्या फेरीला पुढचं विचारत होत्या. शेवटी ऊन वर आलं, तेव्हा खिडकीतून हात बाहेर आला आणि त्या ओरडल्या, "जेवूनच जाजा!" आणि पुढच्या वळणाला लागल्या.